कपाट भरलेलं, तरी सोमवारी घालायला काही नाही! नोकरदारांनी कपड्यांचं नियोजन कसं करावं?

नाशिक : लोखंडी कपाटाचं दार दाबून लावावं लागतं, माळ्यावर पिशव्या कोंबलेल्या, पलंगाच्या पेटीतही कपडेच, आणि तरीही सोमवारी सकाळी पावणेसातला प्रश्न एकच, आज काय घालू? आपल्या तालुक्यांतल्या नोकरदार घरांत, विशेषतः जिथली बाई नोकरीला जाते त्या घरांत, हे चित्र नवीन नाही. कपडे कमी आहेत म्हणून हा प्रश्न पडत नाही. कपडे आहेत, पण ते कामावर घालण्यासारखे नाहीत. किंवा कामाचे आहेत, पण वेळेवर हाताला लागत नाहीत. आणि सातची बस चुकली की पुढची कधी येईल, हे पेठ-सुरगाण्याकडच्या माणसाला सांगायला नको.

या विषयावर मोबाईलवर व्हिडिओ ढीगभर आहेत. पण ते बहुतेक मुंबई-पुण्याच्या एसी ऑफिसला धरून केलेले. ब्लेझर घ्या, लिननचा शर्ट घ्या, हॅंगरवर रंगानुसार लावा. इकडे दुचाकीवर वीस-पंचवीस किलोमीटर जायचं, त्यातला निम्मा रस्ता खडीचा, बोअरच्या पाण्यात कपडे धुवायचे आणि कपाटात हॅंगर लावायला दांडीच नाही. म्हणून हा लेख आपल्या पंधरा तालुक्यांच्या हवेला, रस्त्याला आणि खिशाला धरून.

नियम नेमका काय आहे?

सरकारी नोकरीत असाल तर सुरुवात आदेशापासून करावी लागते. सामान्य प्रशासन विभागाने ८ डिसेंबर २०२० रोजी राज्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबाबत परिपत्रक काढलं. महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार-कुर्ता, किंवा ट्राउझर पँटवर कुर्ता अथवा शर्ट घालावा. पुरुषांनी शर्ट-पँट घालावी. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे आणि टी-शर्ट नकोत. कार्यालयात स्लिपर घालून येऊ नये. आणि खादीला प्रोत्साहन म्हणून आठवड्यातून एकदा, शुक्रवारी, खादी वापरावी, असा त्याचा आशय होता. जीन्सवरून तेव्हा बरीच चर्चा झाली होती, त्यामुळे त्याबाबत आपल्या कार्यालयात आज काय चालतं ते विचारून घेतलेलं बरं.

शिक्षकांसाठी शालेय शिक्षण विभागाने १५ मार्च २०२४ ला वेगळा शासन निर्णय काढला. तो सर्व व्यवस्थापनांच्या शाळांना उद्देशून आहे. शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-चुडीदार, कुर्ता, दुपट्टा. शिक्षकांनी शर्ट आणि ट्राउझर पँट, शर्ट खोचलेला. शर्ट फिकट रंगाचा, पँट गडद रंगाची. जीन्स आणि टी-शर्ट नको. पेहरावावर चित्रविचित्र नक्षी किंवा चित्रं नकोत.

यावर तेव्हा शिक्षकांतून नाराजीचे सूर उमटले होते आणि ते अगदीच निराधार नव्हते. वर्गात जमिनीवर बसून पहिलीच्या पोरांना शिकवायचं, पोषण आहाराकडे बघायचं, सर्वेक्षणाला वाड्या-वस्त्यांवर फिरायचं, आणि तेही फिकट कपड्यांत. पण आदेश बरा की वाईट हा वाद बाजूला ठेवला तर खरेदीपुरता त्याचा एक फायदा दिसतो. निवड आपोआप कमी होते. फिकट शर्ट आणि गडद पँट हे ठरून गेलं की दुकानात उभं राहून विचार करायला फारसं उरत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष असताना बराक ओबामांनी २०१२ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं होतं की ते फक्त राखाडी किंवा निळे सूट घालतात, कारण दिवसभरात इतर निर्णय इतके घ्यायचे असतात की कपड्यांवर डोकं खर्च करायचं नसतं. एसटीचे वाहक, अंगणवाडी सेविका, आशाताई यांना गणवेश असल्याने ही सोय आयतीच मिळते. बाकीच्यांनी ती आपल्यापुरती तयार करून घ्यायची.

कपाटात खरं तर आहेर भरलेला आहे

एखाद्या रविवारी कपाटातले सगळे कपडे पलंगावर काढा. सगळे म्हणजे सगळे, पेटीतले आणि माळ्यावरचेही. आणि मग प्रत्येक कपड्याला एकच प्रश्न विचारा : हा मी स्वतः आणला की कुणी दिला?

निफाडला असा, चांदवडला असा की कळवणला, उत्तर साधारण सारखंच येईल. निम्म्याहून जास्त कपडे आहेराचे निघतात. भाच्याच्या लग्नातली साडी, मेव्हणीच्या डोहाळजेवणातली, वास्तुशांतीची, गंधमुक्तीला मिळालेली. पुरुषांच्या बाजूला तर शिवलेले कपडे कमी आणि शर्टपीस-पँटपीसची खोकी जास्त. त्यातली काही खोकी इतक्या घरांतून फिरून आलेली असतात की वरच्या कागदावर आधीच्या माणसाचं नावही सापडतं. (हसू नका, तुमच्याही घरात असेल.)

आहेर ही देण्याघेण्याची रीत आहे आणि ती मोडा असं सांगण्याचा आमचा इरादा नाही. पण आहेराची साडी ही घेणाऱ्याच्या पसंतीने आलेली नसते, बजेटने आलेली असते. दहा-पंधरा साड्या एकगठ्ठा घेतल्या जातात. सिंथेटिक कापड, भडक काठ, लेस किंवा टिकल्या. ती नेसून पंचायत समितीत आठ तास बसणं उन्हाळ्यात शक्य नाही आणि शाळेत नेसायची तर शासन निर्णयच आड येतो. म्हणजे कपाटाची जागा गेली, पैसे या ना त्या घराचे गेले आणि कामावर घालायचे कपडे शेवटी वेगळे आणावेच लागले.

मग करायचं काय? ढीग तीन करा. पहिला, महिन्यातून किमान दोनदा अंगावर येणारे कपडे. दुसरा, लग्नकार्याचे आणि सणाचे. तिसरा, दोन वर्षांत एकदाही न नेसलेले-घातलेले. तिसऱ्या ढिगाबद्दल पुढे बोलू. पहिल्या ढिगाला कपाटातला डोळ्यांसमोरचा कप्पा द्या. हा साधा बदल बहुतेक घरांत उलटा असतो : भारी साड्या मधल्या कप्प्यात, छान प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, आणि रोजचे कपडे खुंटीवर, दोरीवर नाहीतर खुर्चीच्या पाठीवर. वर्षातून चार वेळा लागणारी वस्तू हाताशी आणि रोजची वस्तू कुठेतरी. स्वयंपाकघरात मीठ-तिखटाचा डबा आपण माळ्यावर ठेवत नाही.

कपाटाला दांडी नसेल तर उभी घडी करा. साडी किंवा कुर्ता ताटाएवढ्या रुंदीत घडी करून, वह्या लावतो तसा उभा लावायचा. एकावर एक थर रचला की खालचा कपडा कधी निघत नाही आणि काढायला गेलं तर सगळा ढीग कोसळतो. उभ्या लावलेल्या घड्यांत प्रत्येक कपड्याची कड दिसते. धुऊन आलेला कपडा नेहमी डाव्या टोकाला ठेवायचा आणि घालायचा उजव्या टोकाचा घ्यायचा. दोन महिन्यांनी जे कपडे मधे कुठेतरी चेपून तसेच राहिलेत आणि तुम्ही दरवेळी टाळून पुढचा उचलताय, ते तुमच्या कामाचे नाहीत हे वेगळं सांगावं लागत नाही.

साडी असते, ब्लाउज नसतो

नोकरदार बाईच्या सकाळच्या घाईचं मूळ बऱ्याचदा साडीत नसून ब्लाउजमध्ये असतं. साडी तीस, पण अंगाला बसणारे ब्लाउज सहा. लग्नानंतर शिवलेले घट्ट झालेले, बाकीच्या साड्यांचे ब्लाउजपीस अजून साडीलाच जोडलेले, फॉल-पिको बाकी.

यावर जुन्याजाणत्या शिक्षिका जे करतात ते चांगलं आहे. प्रत्येक साडीला तिचाच ब्लाउज हा हट्ट रोजच्या साड्यांसाठी सोडायचा. काळा, मरून, मोतिया आणि गडद हिरवा किंवा निळा, असे चार सुती किंवा रुबियाचे ब्लाउज चांगल्या शिंप्याकडून मापात शिवून घ्यायचे. आपल्या रोजच्या साड्या समोर ठेवून त्यांच्या काठातला रंग बघा, या चारात बहुतेक साड्या बसतात. परकरही तसेच, तीन-चार रंगांत भागतं. शिवायला टाकताना शिंप्याला दोन्ही बाजूंना माया ठेवायला सांगायचं. वजन दोन-चार किलोने इकडेतिकडे झालं तर उसवून सोडता येतं, नवा ब्लाउज शिवावा लागत नाही. काखेत अस्तर किंवा घामाची पट्टी लावून घेतली तर ब्लाउज दुप्पट टिकतो, कारण ब्लाउज फाटतो तो तिथेच.

चार ब्लाउजवर सहा दिवस चालवायचे तर आठवड्याच्या मधे एक धुणं लागतं. उन्हाळ्यात रात्री धुतलेला ब्लाउज सकाळी वाळलेला असतो. पावसाळ्यात मात्र इगतपुरी-त्र्यंबककडच्या बायकांना चारात भागणार नाही, सहा धरा.

कुर्ता-सलवार घालणाऱ्यांसाठी हेच गणित लेगिंग किंवा चुडीदार आणि ओढणीला लागू होतं. तयार ड्रेसमटेरियलचा त्रास असा, की तिन्ही भाग एकमेकांनाच बांधलेले असतात. ओढणीला डाग पडला की पूर्ण ड्रेस अडतो. त्यापेक्षा साधे किंवा बारीक नक्षीचे पाच कुर्ते, काळी-पांढरी-मोतिया अशी तीन खालची वस्त्रं आणि दोन-तीन साध्या ओढण्या सुट्ट्या घेतल्या तर अदलाबदल करता येते.

पुरुषांचं गणित याहून सोपं. पाच फिकट शर्ट आणि तीन गडद पँट घेतल्या तर पंधरा जोड्या होतात. सहा दिवसांची शाळा धरली तरी अडीच आठवडे तीच जोडी पुन्हा येत नाही. एक काळी, एक नेव्ही ब्लू, एक राखाडी पँट. त्यांच्यावर कुठलाही फिकट शर्ट चालतो. पट्टा आणि बूट एकाच रंगाचे, काळे किंवा तपकिरी. पेटीत पडलेले ते पँटपीस इथे कामाला येतील : चांगल्यातले तीन निवडा आणि शिवायला टाका. शिलाई आता कापडाच्या किमतीला भिडली आहे हे खरं, पण कापड फुकट आलेलं आहे आणि शिवलेली पँट तयार पँटपेक्षा बसते चांगली.

महाग काय आणि स्वस्त काय

दुकानातल्या किमतीवरून कपडा महाग की स्वस्त हे कळत नाही. समजा, बाराशेची सुती साडी घेतली आणि दोन वर्षांत ती साठ वेळा नेसली, तर एका नेसण्याचे वीस रुपये पडले. सहा हजारांची साडी तीनच वेळा नेसली तर एका नेसण्याचे दोन हजार. सणाच्या साडीला हा हिशोब लावू नये, तिचं काम वेगळं आहे. येवल्याची पैठणी कुणी रुपये-पैशात मोजून नेसत नाही. पण नोकरीच्या कपड्यांना तो लावलाच पाहिजे. ऑफिससाठी म्हणून सेलमध्ये घेतलेले तीनशे-तीनशेचे चार टॉप, जे तीन धुण्यांत सैल पडतात, ते बाराशेच्या साडीपेक्षा महागच पडतात.

खरेदी करताना कापड मुठीत दाबून सोडा. चुरगळून तसंच राहिलं तर तुमच्या घरात रोज इस्त्री होणार आहे का, हे आधी स्वतःला विचारा. शुद्ध सुती दिसतं सुंदर, पण भारनियमनाच्या वेळापत्रकात इस्त्री बसवायची म्हणजे कसरत. रोजच्या धावपळीला सुती-पॉलिस्टर मिश्र कापड बरं पडतं, घाम येणाऱ्या महिन्यांसाठी सुती. शिवण उलटी करून बघा, टाके मोठे आणि माया अगदी कापलेली असेल तर तो कपडा एका हंगामाचा आहे.

कपड्यांवरून माणूस जोखतात, हे नाकारून चालत नाही

कुणी म्हणेल, शिक्षक शिकवतो कसा ते बघा, कपड्यांचं काय. तत्त्वतः बरोबर. पण गावातून पहिल्यांदा नोकरीला लागलेल्या पोराला-पोरीला विचारा. बँकेत, तहसील कचेरीत, कंपनीच्या गेटवर पहिल्या दिवशी अंगावरच्या कपड्यांवरून कोण कसं बोलतं हे ते नीट सांगतील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेच्या वेळी जमलेल्या स्त्रियांना लुगडं नेसण्याची पद्धत बदला, जातीची खूण ठरणारे दागिने टाका, स्वच्छ राहा, असं आवर्जून सांगितलं होतं. कपडा ही तेव्हा कुणाला खाली बसवायचं याची खूण होती. आज तितकं उघड नाही, पण पूर्ण गेलेलंही नाही. म्हणूनच पहिल्या पगारातून दोन चांगल्या जोड्या घेणाऱ्या मुलाला उधळ्या म्हणणं आम्हाला पटत नाही. सहा स्वस्त जोड्यांपेक्षा दोन चांगल्या घ्याव्यात, एवढं मात्र सांगू.

ओढणी, पदर आणि दुचाकी

हा मुद्दा फॅशनचा नाही, जिवाचा आहे. ओढणी किंवा पदर मागच्या चाकात, चेनमध्ये अडकून होणारे अपघात आपल्या रस्त्यांवर घडतात आणि त्यात गळ्याला फास बसतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दुचाकीच्या मागच्या चाकाला, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून, निम्मं चाक झाकणारं संरक्षण असलं पाहिजे अशी तरतूद आहे. त्यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. आणि पोरं काय करतात? गाडी भारी दिसावी म्हणून नवीन गाडीचा साडीगार्डच काढून टाकतात. त्याच गाडीवर मग आईला किंवा बायकोला शाळेत सोडायला जातात.

गार्ड काढला असेल तर या आठवड्यात परत बसवून घ्या. दुचाकीवर जाणाऱ्या बायकांनी ओढणी गळ्याभोवती गुंडाळायची नाही. घडी करून पर्समध्ये टाकायची आणि कामावर पोचल्यावर घ्यायची. पदर पुढे आणून कमरेला घट्ट खोचायचा, वरून जॅकेट किंवा सनकोट घालून चेन लावायची. रोज गाडीवर जाणाऱ्यांनी जॉर्जेट-शिफॉनच्या उडणाऱ्या ओढण्या रोजच्या कप्प्यातून काढूनच टाकाव्यात.

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे इथल्या कारखान्यांत जाणाऱ्यांना हेच यंत्रापाशी लागू आहे. चालू यंत्रावर काम करणाऱ्याचे कपडे अंगाबरोबर असले पाहिजेत, ही अट १९४८ च्या कारखाना कायद्यातही होती. कंपनी गणवेश देत असेल तर तिसऱ्या जोडीचं कापड आणून शिवून घ्या. दोन जोड्यांवर पावसाळा निघत नाही आणि ओला गणवेश अंगावर वाळवत आठ तास उभं राहिलं की खाजेचे विकार मागे लागतात.

जिल्हा एक, हवा तीन

आपला जिल्हा असा, की एकाच दिवशी इगतपुरीत धो-धो पाऊस आणि येवल्यात टँकरची वाट. म्हणून एकच सल्ला सगळ्यांना चालत नाही.

पश्चिम पट्टा आधी घेऊ. इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, पेठ, सुरगाणा. जून ते सप्टेंबर कपाट हे बुरशीचं घर होतं. पांढऱ्या शर्टावर काळे ठिपके, साड्यांना कुबट वास. बुरशीला ओल लागते, म्हणून लढाई ओलीशी आहे. कपाट भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं जागा सोडा. भिंतीची ओल सरळ पत्र्यात येते. पूर्ण वाळल्यासारखा वाटणारा कपडाही पावसाळ्यात ओलसरच असतो, तो कपाटात जाण्याआधी त्यावरून गरम इस्त्री फिरवा आणि मग पाच-दहा मिनिटं बाहेर गार होऊ द्या. प्लास्टिकच्या पिशव्या या दिवसांत नकोत, आतली ओल आतच राहते. जुन्या सुती साडीचा किंवा मलमलचा तुकडा गुंडाळा. ऊन पडलं की अर्धा तास दोन्ही दारं सताड उघडी ठेवा, मग पाहुणे आलेले असले तरी.

खळ घातलेले कपडे पावसाळ्यात साठवून ठेवू नका. शुक्रवारच्या खादीला पेजेची खळ छान बसते, पण तीच खळ कसरीला आवडते. खादीचा शर्ट धुऊन, खळ काढून ठेवा. डांबरगोळ्या ठेवत असाल तर कागदात गुंडाळून कोपऱ्यात, जरीला लागतील अशा नाही, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत मुळीच नाही. त्यांची वाफ बाळाला बाधू शकते. वाळलेला कडुलिंबाचा पाला हा जुना उपाय आहे, फक्त पाला खरंच खडखडीत वाळलेला हवा. पैठणीची घडी दर दोन-तीन महिन्यांनी बदला, नाहीतर जर घडीवरच तुटते.

पाड्यावरच्या शाळेत जाणाऱ्या शिक्षकांसाठी सगळ्यात उपयोगाची सवय म्हणजे एक पूर्ण जोडी, टॉवेल आणि चप्पल शाळेच्या कपाटात ठेवणं. प्रवासात प्लास्टिकचे सॅंडल, चामड्याचे बूट तिथेच. लाल चिखलाच्या वाटेवर मोतिया रंगाची सलवार घालून निघायचं धाडस जुलैमध्ये करू नये.

पूर्वेकडे मालेगाव, नांदगाव, येवला, चांदवड, सिन्नरचा काही भाग. इथं उन्हाळा आणि पाणी हे दोन प्रश्न. मालेगावात पारा चाळिशीच्या पुढे सहज जातो, तिथं फिकट, सैल, सुती याला पर्याय नाही. मालेगाव यंत्रमागाचं गाव, सुती कापड तिथल्या माणसाला कुणी शिकवायला नको. बोअरचं जड पाणी साबणाला फेस येऊ देत नाही आणि साबणाचा थर कपड्यात बसून पांढरे कपडे पिवळट, खरखरीत होतात. अशा पाण्यात वडीच्या साबणापेक्षा पावडर बरी, आणि तीही कमी. जास्त टाकली की खळबळायला दोन बादल्या जास्त लागतात. टँकरच्या दिवसांत पूर्ण पांढरा शर्ट ही चैन आहे. फिकट निळा, राखाडी, बदामी हे रंग फिकट तर आहेतच आणि मळ कमी दाखवतात.

निफाड-दिंडोरीची थंडी वेगळी. निफाडला काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली गेलेला आहे. सकाळी साडेसहाला गाडीवर निघणाऱ्याला जाड स्वेटर लागतो आणि अकरा वाजता तोच नकोसा होतो. एक जाड स्वेटर घेण्यापेक्षा आत बिनबाह्यांचा पातळ स्वेटर आणि वर वारा अडवणारं जॅकेट घ्या. एकेक काढत जाता येतं. रंग काळा किंवा राखाडी, म्हणजे सगळ्यावर चालतो.

रविवारचा एक तास

आठवड्याचं नियोजन म्हणजे फार काही नाही. रविवारी संध्याकाळी मोबाईल बाजूला ठेवून भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहा. या आठवड्यात तालुक्याला मीटिंग आहे? केंद्रप्रमुखांची भेट? ग्रामसभा? २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर यातलं काही येतंय? शनिवारची सकाळची शाळा, कवायत आहे? त्यानुसार जोड्या लावा. मीटिंगच्या दिवशी चांगली साडी, सर्वेक्षणाच्या दिवशी मळखाऊ कुर्ता.

जोडी म्हणजे पूर्ण जोडी. साडी, ब्लाउज, परकर, रुमाल, आणि लागणाऱ्या पिना ब्लाउजलाच टोचलेल्या. पुरुषांचा शर्ट, पँट, बनियन, मोजे. एका घडीत एक दिवस, वर वाराची चिठ्ठी लावली तरी चालेल, कुणी हसलं तर हसू द्या. हूक तुटलेलं, बटण लोंबणारं, शिवण उसवलेली हे सगळं रविवारी दिसतं आणि रविवारी दुरुस्त होतं. सोमवारी सकाळी दिसलं तर सेफ्टी पिनवर दिवस काढावा लागतो. वीज असेल तेव्हा पाचही दिवसांची इस्त्री एकदम उरकावी. इस्त्री एकदाच तापते, वीजही कमी जाते.

सरकारी कार्यालयांना २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, तिथं पाच जोड्या, शाळेला सहा. सहाव्या घडीला राखीव समजा. कधी पाऊस, कधी चहा सांडतो, कधी पोर कडेवरून उलटी करतं.

आणि हा तास घरातल्या बाईनेच सगळ्यांसाठी द्यायचा, असं कुठे लिहिलेलं नाही. बहुतेक घरांत नवऱ्याचे मोजेसुद्धा तीच शोधते, तिलाही नोकरीवर जायचं असतं तरी. दहावीच्या पुढच्या मुलाने आणि त्याच्या बापाने आपापल्या सहा घड्या स्वतः लावाव्यात. एकदा दाखवलं की येतं.

तिसऱ्या ढिगाचं काय?

आता तो दोन वर्षांत हात न लागलेला ढीग. त्यातल्या कोऱ्या, घडी न मोडलेल्या साड्या वेगळ्या काढा. पुढच्या लग्नसराईत आहेराला लागतील तर एका पिशवीत घालून त्यावर कोणाकडून आली ते लिहून ठेवा, नाहीतर ज्यांनी दिली त्यांनाच परत जायची. चांगल्या पण आपल्याला न बसणाऱ्या कपड्यांची पहिली विचारणा घरातल्या, गल्लीतल्या नवीन नोकरीला लागलेल्या मुलीकडे करा. तिला पहिल्या दोन महिन्यांत कपड्यांचीच अडचण असते आणि ती तोंडाने सांगत नाही. देताना धुऊन, इस्त्री करून, हूक लावून द्या.

वापरलेल्या पण धड असलेल्या सिंथेटिक साड्या आणि पँटला बोहारीण अजूनही भांडी देते. ती जरीच्या काठावर आधी हात ठेवते, तेव्हा घासाघीस तिथूनच सुरू करा. विरलेल्या सुती साड्या मात्र तिला देऊ नका. त्या गोधडीच्या. वर-खाली मऊ सुती साडी, मधे जुन्या चादरी आणि परकर. टाके घालणारी बाई गावात अजून सापडते आणि हिवाळ्याआधी तिच्याकडे रांग असते, म्हणून दसऱ्यालाच गठ्ठा नेऊन द्यायचा. सिंथेटिक साडी गोधडीत घालू नका, सरकते आणि टाका धरत नाही.